क्षय घराण्यातून येतो का?



गेल्या वर्षी नववीला आनुवंशिकतेचा पाठ शिकवत होते. सिकलसेल झाला, वर्णांधता झाली. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "बाई, टीबी पण घराण्यातूनच येतो ना?" मी सवयीनं उत्तर देऊन मोकळी झाले, "नाही गं, टीबी जंतूमुळे होतो. तो संसर्गजन्य आजार आहे." ती गप्प बसली. मधल्या सुट्टीत मात्र स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या आजोबांना क्षय झाला होता, आता काकांना झालाय. आणि काकांच्या मुलीचं जमत आलेलं लग्न "त्यांच्या घराण्यातच आहे ते" एवढ्या एका वाक्यावर मोडलं होतं.

परीक्षेत माझ्या उत्तराला पूर्ण गुण मिळाले असते. पण ते अर्धंच उत्तर होतं, हे मला तेव्हाच जाणवलं. आपण मुलांना नकळत दोन कप्पे शिकवतो. एका कप्प्यात जंतूंमुळे होणारे आजार आणि दुसऱ्यात आईवडिलांकडून येणारे. क्षय पहिल्या कप्प्यात, विषय संपला. प्रत्यक्षात क्षयाच्या बाबतीत हे दोन्ही कप्पे एकमेकांत उघडतात. ते कसे, आणि त्यामुळे "घराण्यात आहे" हे वाक्य खरं ठरतं की नाही, हे आज जरा निवांत पाहू.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. म्हणून २४ मार्चला आपण जागतिक क्षयरोग दिन पाळतो. त्याआधी युरोपातल्या बऱ्याच डॉक्टरांना हा आजार घराण्यातूनच येतो असं वाटायचं. आणि तसं वाटणं अगदीच वेडेपणाचं नव्हतं बरं का! एकाच घरातली माणसं एकामागून एक जाताना ते पाहत होते. कॉख यांनी जंतू दाखवला आणि आनुवंशिकतेचा मुद्दा मागे पडला. पण एक प्रश्न शिल्लकच राहिला. जंतू हेच कारण असेल, तर ज्यांच्या शरीरात तो शिरतो ते सगळे आजारी का पडत नाहीत?

हा प्रश्न लहानसहान नाही. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना कधी ना कधी क्षयाच्या जंतूचा संसर्ग झालेला आहे, असा अंदाज आहे. पण संसर्ग झालेल्या शंभर जणांपैकी साधारण ५ ते १० जणांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. उरलेल्या नव्वद-पंचाण्णव जणांचं शरीर जंतूला एकतर संपवतं, नाहीतर कोंडून ठेवतं. त्यांना पत्ताही लागत नाही. जंतू तोच, मग फरक कुठे पडतो?

आता तुम्ही म्हणाल, "बाई, साधं आहे. कोणी दूध-अंडी खातो, कोणी अर्धपोटी झोपतो." बरोबर आहे, आणि त्याकडे आपण येणारच आहोत. पण समजा, खाणंपिणं आणि घर सारखंच असेल तर? यातला जनुकांचा वाटा वेगळा काढायचा तरी कसा? मला या विषयातला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे, कारण इथे विज्ञान कसं विचार करतं ते दिसतं. एका घरातल्या लोकांची जनुकं सारखी असतात, पण चूलही एकच असते, खोलीही एकच आणि खोकणारा माणूसही एकच. मग आजोबांकडून नातवाकडे काय आलं, जनुक की खोकला?

पहिली वाट जुळ्यांची. एकाच फलित अंड्यातून झालेल्या, हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. दोन वेगळ्या अंड्यांतून झालेली जुळी मात्र जनुकांच्या बाबतीत साध्या भावंडांसारखीच. घर दोन्ही प्रकारच्या जुळ्यांचं एकच. विसाव्या शतकाच्या मध्यात ब्रिटनमध्ये अशा जुळ्यांचा अभ्यास झाला. एकाला क्षय असेल तर दुसऱ्यालाही होण्याचं प्रमाण हुबेहूब जुळ्यांमध्ये साधारण दुप्पट आढळलं. म्हणजे जनुकांचा काहीतरी हात नक्की आहे. पण याच आकडेवारीची दुसरी बाजूही बघा. हुबेहूब जुळ्यांमध्येसुद्धा, एकाला क्षय असताना बहुतेक जोड्यांत दुसऱ्याला तो झालेला नव्हता. सिकलसेलच्या बाबतीत असं घडत नाही. तिथे एकाला आजार असेल तर हुबेहूब जुळ्या भावालाही असतोच. वर्गात फळ्यावर ही दोन उदाहरणं शेजारीशेजारी मांडून बघा. आजार वारशानं येणं वेगळं आणि आजाराकडे झुकणारा कल वारशानं येणं वेगळं, हा फरक मुलांना लगेच कळतो.

दुसरी वाट दत्तक मुलांची. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या मुलांच्या नोंदी फार नीट ठेवलेल्या आहेत. १९८८ साली त्यांवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जन्मदात्या आईवडिलांपैकी कोणी पन्नाशीच्या आत एखाद्या संसर्गानं दगावलं असेल, तर त्यांच्या मुलाचाही संसर्गानं मृत्यू होण्याची शक्यता पाच-सहा पट वाढलेली दिसली. ते मूल वाढलं होतं दुसऱ्याच घरात! आणि वाढवणारे आईवडील संसर्गानं गेले असतील, तर मात्र अशी वाढ दिसली नाही. हा अभ्यास एकट्या क्षयाचा नव्हता, एकूणच संसर्गांचा होता. पण "संसर्ग म्हणजे फक्त बाहेरची गोष्ट" या आपल्या समजाला त्यानं चांगलाच धक्का दिला.

तिसरी गोष्ट दुःखद आहे. जर्मनीतल्या ल्यूबेक शहरात १९२९-३० च्या हिवाळ्यात सुमारे २५० नवजात बाळांना बीसीजी लस तोंडावाटे दिली गेली. लस शहरातल्याच प्रयोगशाळेत तयार होत होती आणि तिच्यात चुकून क्षयाचा खराखुरा, जहाल जंतू मिसळला. ७० हून अधिक बाळं दगावली. इतर बहुतेकांना आजाराची लक्षणं दिसली, पण ती बरी झाली. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं, म्हणजे ती आपापल्या ताकदीवर वाचली. पुढे बरीच वर्षं हे उदाहरण "पाहा, जनुकांचा प्रभाव" म्हणून दिलं जायचं. नंतरच्या अभ्यासात दिसलं की लसीच्या वेगवेगळ्या खेपांत जंतूंचं प्रमाण खूप कमीजास्त होतं आणि बाळ वाचलं की नाही हे बऱ्याच अंशी त्यावरही ठरलं. म्हणून या घटनेचं सगळं श्रेय जनुकांना देणं चूक आहे. मी ती मुद्दाम सांगितली. सोयीचं उदाहरण हाती लागलं की आपणही वर्गात असंच घाईनं वापरतो.

बरं, जनुकांचा हात आहे हे मान्य केलं, तर तो नेमका कुठे आहे?

क्षयाचा जंतू श्वासावाटे फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतो. तिथे भक्षक पेशी पहाऱ्यावर असतात. त्या जंतूला गिळतात. बहुतेक जंतू इथेच संपतात, पण हा जंतू मोठा चिवट. गिळणाऱ्या पेशीच्या पोटातच तो बिऱ्हाड थाटतो. मग भक्षक पेशी हाक मारते. त्या हाकेचं नाव इंटरल्यूकिन-१२. ती ऐकून टी-पेशी जाग्या होतात आणि उलट निरोप धाडतात, त्याचं नाव इंटरफेरॉन गॅमा. हा निरोप मिळाला की भक्षक पेशी खऱ्या अर्थानं पेटते आणि पोटातल्या जंतूला मारू लागते. हाक, ती ऐकणारा कान, उलट निरोप आणि तो ऐकणारा कान, या प्रत्येक गोष्टीचा आराखडा कुठल्या ना कुठल्या जनुकात असतो. यातलं एखादंच जनुक बिघडलं तर काय होईल?

हे उत्तर १९९६ साली मिळालं. माल्टा या छोट्याशा बेटावरच्या एकाच गावातली चार मुलं विचित्र आजारानं त्रस्त होती. माती-पाण्यात आढळणारे, क्षयाच्या जंतूचे साधे भाऊबंद, जे तुम्हाआम्हाला काही करत नाहीत, ते या मुलांच्या शरीरभर पसरले होते. तपासणीत कळलं की इंटरफेरॉन गॅमाचा निरोप ऐकणारा 'कान' ज्या जनुकातून बनतो, त्याच्या दोन्ही प्रती या मुलांत बिघडलेल्या होत्या. निरोप येत होता, पण ऐकणारं कोणी नव्हतं. त्याच वर्षी ट्युनिशियातल्या एका बाळाची हकीकतही प्रसिद्ध झाली. त्याच्या जिवावर साधी बीसीजी लसच बेतली होती आणि कारण हेच निघालं. दोन वर्षांनी इंटरल्यूकिन-१२ ची हाक ऐकू न येणारी मुलं सापडली. त्यांच्यातल्या काहींना खरा क्षयही झाला होता.

इथे एक सुंदर तर्क आहे. ज्या मुलाला इंटरल्यूकिनची हाक ऐकू येत नाही, त्याच्या शरीरात इंटरफेरॉन कमी बनतं. मग ते बाहेरून इंजेक्शननं देता येतं आणि त्याचा उपयोगही होतो. पण ज्याचा इंटरफेरॉन ऐकणारा कानच पूर्ण बंद आहे, त्याला कितीही इंटरफेरॉन दिलं तरी काय फायदा? त्याला अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण लागू शकतं. बिघाड कुठल्या जनुकात आहे हे कळल्यावर उपचार कसा बदलतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

पालकांनी मात्र हे वाचून बीसीजीला घाबरू नये. असे बिघाड अत्यंत दुर्मीळ आहेत आणि लहान मुलांना क्षयाच्या मेंदूज्वरासारख्या भयंकर प्रकारांपासून बीसीजी चांगलं वाचवते. फक्त लसीच्या जागेची जखम चिघळून जंतू अंगभर पसरला, किंवा एखाद्या घरात लागोपाठ दोन बाळांना गंभीर संसर्ग झाले, तर बालरोगतज्ज्ञांना प्रतिकारशक्तीची तपासणी करायची का हे जरूर विचारा. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था आहे. तिथे जन्मजात प्रतिकारदोषांवर काम चालतं. आणि अशा दोषांत बहुधा आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत यावी लागते, म्हणून नात्यातल्या लग्नांत त्यांची शक्यता वाढते. आपल्याकडे मामे-आते भावंडांत लग्नं होतात, तेव्हा हे माहीत असलेलं बरं.

दुर्मीळ मुलांचं झालं. आपल्या गल्लीतल्या, गावातल्या सर्वसामान्य क्षयरोग्यांचं काय? तिथे असं एखादं 'बिघडलेलं जनुक' सापडत नाही. सापडतात ते लहान लहान फरक, आणि चित्र गुंतागुंतीचं होतं. पेशी जंतूचे तुकडे पृष्ठभागावर मांडून टी-पेशींना दाखवतात. त्यासाठी त्यांच्याकडे एक प्रकारची ताटली असते, तिला एचएलए म्हणतात. या ताटल्यांचे हजारो नमुने माणसांत आहेत. तुमची ताटली जंतूचे कोणते तुकडे नीट दाखवेल, ते तुमच्या नमुन्यावर ठरतं. भारतातल्या काही अभ्यासांत एचएलए-डीआर२ हा नमुना फुप्फुसाच्या क्षयरोग्यांत जास्त दिसला. आइसलँडमध्ये २०१६ साली झालेल्या मोठ्या अभ्यासातही फरक एचएलएच्याच भागात सापडला. भक्षक पेशीच्या पोटात बसलेल्या जंतूला लोहासारख्या धातूंची रसद मिळू न देणारं एक जनुक आधी उंदरांत सापडलं. १९९८ साली पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात, त्या जनुकाचे ठरावीक दोन नमुने एकत्र असणाऱ्यांना क्षयाचा धोका सुमारे चौपट दिसला. पण दुसऱ्या देशांतले निष्कर्ष काही सारखे आले नाहीत.

एक उदाहरण मात्र फार बोलकं आहे. टीवायके२ नावाच्या जनुकाचा एक नमुना आहे. त्याच्या दोन्ही प्रती ज्याच्यात आहेत अशी माणसं युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे ६०० मध्ये एक. त्यांना क्षयाचा धोका स्पष्टपणे जास्त असतो. जुन्या हाडांतला डीएनए तपासला तेव्हा दिसलं की गेल्या साधारण २००० वर्षांत युरोपात हा नमुना बराच कमी झाला. का? तर त्याचे वाहक क्षयानं मरत गेले असणार, असा संशोधकांचा निष्कर्ष. नैसर्गिक निवड शिकवताना आपण जिराफाची मान आणि फुलपाखरांचे रंग घेऊन बसतो. त्यापेक्षा हे उदाहरण किती जवळचं आहे!

आता अन्नाकडे येऊ, कारण जनुकं कधीच एकटी काम करत नाहीत. पश्चिम लंडनमध्ये राहणाऱ्या, बहुसंख्य शाकाहारी गुजराती लोकांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. ड जीवनसत्त्व भक्षक पेशींना जंतू मारायला मदत करतं. ते मिळतं मुख्यतः उन्हातून, आणि लंडनला ऊन कुठलं! या लोकांत क्षयरोग्यांमध्ये ड जीवनसत्त्वाची कमतरता जास्त दिसली. शिवाय त्या जीवनसत्त्वाचा निरोप ऐकणाऱ्या जनुकाचे ठरावीक नमुने आणि कमतरता एकत्र आली, की आजाराशी संबंध दिसत होता. म्हणजे तेच जनुक घेऊन उन्हातल्या गावात राहिलं असतं, तर कदाचित काहीच कळलं नसतं. "मग मुलांना ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊ का?" असं कोणी विचारेल. मंगोलियात जवळजवळ ९००० शाळकरी मुलांना तीन वर्षं हे जीवनसत्त्व देऊन पाहिलं. २०२० साली निकाल आला आणि क्षयाचा संसर्ग काही कमी झाला नाही. संबंध दिसला म्हणजे उपाय सापडला, असं होत नाही.

याच्याशेजारी झारखंडमधला प्रयोग ठेवा. क्षयरोग्यांच्या घरातल्या दहा हजारांहून अधिक माणसांचा त्यात समावेश होता. निम्म्या घरांतल्या माणसांना दरमहा शिधा आणि सूक्ष्म पोषकांच्या गोळ्या दिल्या. २०२३ साली निकाल प्रसिद्ध झाला. ज्या घरांना हे अन्न मिळालं, तिथे नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी आणि संसर्ग पसरवणाऱ्या प्रकारचं ४८ टक्क्यांनी कमी झालं. जनुकं कोणाचीच बदलली नव्हती. जगातले चौथ्या हिश्श्याहून जास्त क्षयरोगी भारतात आहेत ते आपली जनुकं कमअस्सल आहेत म्हणून, असं कोणी म्हणालं तर हा आकडा दाखवा. इंग्लंडमध्येही औषधं येण्याच्या कितीतरी आधीपासून क्षयाचे मृत्यू उतरत होते. तीन-चार पिढ्यांत जनुकं एवढी बदलत नाहीत. बदललं होतं ते अन्न आणि घर. एचआयव्ही, मधुमेह, कुपोषण, तंबाखू यांचा धोका मोजता येतो आणि कमीही करता येतो. सर्वसामान्य माणसात जनुकांचे बहुतेक ज्ञात फरक त्यांच्यापुढे किरकोळ ठरतात. म्हणून "आमच्या घरात क्षय होता, जीन टेस्ट करून घेऊ का?" याला माझं उत्तर नाही असंच आहे. ते पैसे अंडी-डाळींवर खर्च करा.

मग त्या मुलीच्या प्रश्नाचं काय? दुसऱ्या दिवशी मी तोच तास पुन्हा घेतला, तिचं नाव न घेता. फळ्यावर लिहिलं: घराण्यातून क्षय येत नाही, जंतू श्वासातून येतो. त्याच्याशी लढण्याच्या ताकदीतला थोडासा फरक मात्र आईवडिलांकडून येतो. तो प्रत्येक घराण्यात असतो, लग्न मोडणाऱ्यांच्या घराण्यातही. वर्गात थोडं हसू झालं, ती मात्र हसली नाही. नंतर मी तिला विचारलं, काकांच्या घरच्यांची तपासणी झाली का? काकांच्या औषधांचा चौथा महिना चालू होता आणि ते आता कोणाला लागण करण्याच्या पलीकडे गेले होते. पण घरातल्या इतरांना कोणी दवाखान्यात नेलंच नव्हतं. घराण्याची चर्चा साऱ्या गावानं केली होती. रोग्यासोबत राहणाऱ्यांची तपासणी आणि गरज असल्यास प्रतिबंधक औषध सरकारी केंद्रात मोफत मिळतं, हे मात्र त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं.

सोमवारी ती वहीच्या मागच्या पानावर घरातल्या सगळ्यांची नावं लिहून घेऊन आली. सात जण होते, सर्वांत खाली तिचं स्वतःचं नाव. ते पान फाडून आम्ही गावच्या आशाताईंकडे दिलं.